देवावर प्रेम आहे, मग प्रश्न का पडतात? भक्ती आणि समजून घेण्याची ओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक परत परत विचारतात, शब्द वेगळे असतात पण अडचण बहुतेक तीच असते, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एखाद्या उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. देवावर मनापासून प्रेम आहे. मग अजून समजून घ्यायची गरज काय?

गरज म्हणून नाही, राहवत नाही म्हणून. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याबद्दल आपल्याला किती थोडं कळलंय हे प्रेम करणाऱ्यालाच टोचतं, बाकीच्यांना काही फरक पडत नाही. तो कसा आहे, हे जग त्याने असंच का केलं, माझं त्याच्याशी नातं नक्की काय, हे प्रश्न बाहेरून कोणी आणून देत नाही, प्रेम वाढलं की ते आपोआप येतात. आणि कोणी म्हणालं की माझं देवावर फार प्रेम आहे पण तो कसा आहे हे जाणून घ्यायची काही इच्छा नाही, तर ते प्रेम देवावर आहे की देवाच्या नावाने मिळणाऱ्या निवांतपणावर, हे एकदा तपासून बघावं असं मला वाटतं.

ख्रिस्ती संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) आपल्या आत्मकथनात देवालाच विचारतो की मी तुझ्यावर प्रेम करतो हे पक्कं, पण तुझ्यावर प्रेम करतो म्हणजे मी नक्की कशावर प्रेम करतो? मग तो जमिनीला विचारतो, समुद्राला, वाऱ्याला, आकाशाला विचारतो, आणि सगळे सांगतात की तो आम्ही नाही. प्रेमाबद्दल त्याला जराही शंका नाहीये, शोध त्या प्रेमातूनच सुरू झालाय.

२. लहानपणापासून ऐकलंय की देवाच्या बाबतीत 'का' विचारायचं नाही. प्रश्न विचारले म्हणजे श्रद्धा कमी का?

अजिबात नाही. गीता उघडून बघा, ती सगळी प्रश्नोत्तरांचीच आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तर अर्जुन सरळ म्हणतो की तू दोन्ही बाजूंचं बोलतोयस, त्याने माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते नक्की सांग. इतक्या स्पष्ट बोलण्यावर कृष्ण चिडत नाही, समजावत राहतो. चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगताना नम्रता आणि सेवा यांच्या बरोबरीने पुन्हा पुन्हा विचारणं हेही मोजलंय. आणि शेवटी, अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याला प्रश्न नको असतील तो असं बोलेल का?

ही भीती मात्र जुनी आहे आणि मोठमोठ्यांना वाटलेली आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या बेक इथल्या ख्रिस्ती मठात अ‍ॅन्सेल्म नावाचा साधू होता, पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. देव आहे हे एकाच युक्तिवादाने दाखवता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात असा बसला की जेवण सुटलं, झोप उडाली, प्रार्थनेत लक्ष लागेना. त्याचा चरित्रकार लिहितो की हा सैतानाचा मोह असावा असं वाटून त्याने तो विचार हाकलायचा खूप प्रयत्न केला, पण जितका हाकलावा तितका तो परत यायचा. आणि एका रात्री प्रार्थना चालू असतानाच त्याला हवं ते सापडलं. ज्याला तो अडथळा समजत होता ते प्रार्थनेतच पुरं झालं, मला हे फार बोलकं वाटतं. त्यातून १०७७-७८ च्या सुमारास जे पुस्तक झालं त्याचं पहिलं नाव 'समजुतीच्या शोधात निघालेली श्रद्धा' अशा अर्थाचं होतं आणि ते वादाच्या भाषेत नाही, देवाशी बोलल्यासारखं लिहिलंय.

विचारायची पद्धत मात्र महत्त्वाची. खोडा घालायला विचारलेला प्रश्न आणि कळावं म्हणून विचारलेला प्रश्न यात फरक असतो, तो प्रश्न १० मध्ये.

३. आधी काय येतं, प्रेम की ज्ञान?

यावर जुन्या लोकांचंही एकमत नाही. नारद भक्तिसूत्रं फक्त ८४ आहेत, तरी त्यात या मुद्द्यावर ओळीने तीन मतं दिलीत: काहींच्या मते ज्ञान हेच भक्तीचं साधन, काहींच्या मते दोघं एकमेकांवर अवलंबून, आणि तिसरं मत असं की भक्ती हे स्वतःच स्वतःचं फळ. ज्यू परंपरेतला मायमोनिडीज (११३८ ते १२०४), जो वैद्य पण होता, म्हणतो की माणसाला देव जितका कळला तितकंच त्याचं प्रेम, म्हणून देवाने केलेल्या गोष्टींचा विचार करत राहा. गीतेचा अठरावा अध्याय उलट्या बाजूने येतो, भक्तीने मी खरा कसा आहे ते कळतं म्हणतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात कुठूनही होवो, पुढे दोघं एकमेकांना ओढत नेतात. थोडं कळलं की प्रेम वाढतं, प्रेम वाढलं की आधी कळलेलं अपुरं वाटायला लागतं. पण सुरुवातीच्या थोड्याशा ओढीशिवाय कोणी इतक्या लांबच्या वाटेला लागत नाही, म्हणून मी झुकतो तो प्रेमाकडे.

४. प्रेमामुळे समज खोल होते म्हणजे नक्की काय होतं? भावना वेगळी आणि बुद्धी वेगळी ना?

वेगळ्या आहेत, पण बुद्धीला कामाला कोण लावतं ते बघा. कंटाळा आला तरी थांबायचं नाही, बारीक गोष्ट सोडायची नाही, स्वतःच्या सोयीचा अर्थ घुसवायचा नाही, ही सगळी कामं बुद्धी करते खरी पण ती करत राहायचं बळ प्रेमाकडून येतं.

एकनाथांचं उदाहरण मला यात सगळ्यात जवळचं. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये झाली, गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९००० ओव्या. पुढची जवळपास तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात होती, उतरवणाऱ्यांच्या चुका शिरल्या, कोणी आपल्याच ओव्या घुसडल्या. लोक प्रेमानेच वाचत होते पण वाचत होते ते बिघडलेलं. एकनाथांनी जुन्या पोथ्या मिळवून पाठ ताडून बघितले, शुद्ध प्रत तयार केली, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात कोणी स्वतःची ओवी घालू नका. आता हे काम किती रूक्ष आहे विचार करा, एकेक शब्द, एकेक काना-मात्रा, या पोथीत असं आहे तर त्या पोथीत तसं का. आणि करणारा माणूस कसा, तर स्वतः उत्तम कवी, स्वतःचं भलंमोठं लेखन असलेला, म्हणजे दोन ओव्या मध्ये घालणं त्याला काही अवघड नव्हतं. त्याने घातल्या नाहीत, कारण त्याला ज्ञानदेव काय म्हणाले तेच हवं होतं. प्रेमातून समज येते म्हणतात ती अशी, डोळे मिटून नाही, डोळे ताणून.

५. सायन्स शिकलं की भक्ती कमी होते असं म्हणतात. खरं आहे का?

काहींची होते, काहींची वाढते. एकट्या सायन्समुळे काही ठरत नाही. खगोलशास्त्रज्ञ केपलरचं (१५७१ ते १६३०) बघू.

तो धर्मशास्त्र शिकत होता, त्याला धर्मगुरू व्हायचं होतं, पण १५९४ मध्ये त्याला गणित शिकवायला पाठवलं गेलं आणि सुरुवातीला तो अस्वस्थ होता. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या गुरूला कळवलं की आता खगोलाच्या अभ्यासातूनसुद्धा देवाचा गौरव होतोय. म्हणजे आकाश वाचणं ही त्याच्यासाठी पूजाच झाली. नंतर मंगळाची कक्षा काढायचं काम त्याच्याकडे आलं. गोल कक्षा धरून त्याने कितीतरी वर्षं आकडेमोड केली आणि ती टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी जवळजवळ जुळली. फरक राहिला फक्त ८ कलांचा. एक कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण ३० कला रुंद दिसतो, तर त्या रुंदीच्या पाव भागाएवढीच चूक. त्या आधीच्या काळात इतकी चूक कोणी चूक मानलीच नसती.

केपलरने ती सोडली नाही. त्याने कारण काय दिलं, तर देवाच्या कृपेने आपल्याला ब्राहेसारखा काटेकोर निरीक्षक मिळाला, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने स्वीकारून खरं काय ते शोधायलाच हवं. गोल आकार त्यालाही प्रिय होता, परिपूर्ण म्हणून सगळेच मानत होते, तरी त्याने तो टाकला आणि मंगळ लंबवर्तुळात फिरतो हे १६०९ मध्ये छापलं. देवाने जग कसं करायला हवं होतं ही स्वतःची आवड बाजूला ठेवून त्याने कसं केलंय ते बघायचं, माझ्या मते भक्तीची याहून कडक परीक्षा नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की देव न मानणाऱ्यांनीही तितकंच काटेकोर काम केलंय. सत्याचं प्रेम त्यांनाही असतं. म्हणून भक्ती असल्याशिवाय सायन्स जमत नाही असला दावा कोणी केला तर तो चूक आहे.

६. माझं शिक्षण कमी आहे, मोठे ग्रंथ डोक्यावरून जातात. माझ्यासाठी हा मार्ग बंद का?

बंद नाही. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या, चोखोबांना जातीमुळे देवळाबाहेर ठेवलं गेलं. पोथ्या त्यांच्या हातात कोण देणार होतं? तरी शुद्ध काय, विटाळ कुठून आला, वरचं रूप आणि आतलं सत्व यात खरं कोणतं, हे चोखोबांनी ज्या धारेने विचारलंय ते त्या काळच्या कित्येक पंडितांना विचारता आलं नाही. ज्याला दाराबाहेर उभं केलंय त्यालाच दाराबद्दल खरा प्रश्न पडतो.

सुरुवात करायची तर एक अभंग किंवा एक श्लोक घ्या, तो कळेपर्यंत पुढे जाऊ नका, न कळलेला शब्द कोणालातरी विचारा. बस.

७. प्रेम खरं असेल तर समज चुकीची कशी असेल? देव भक्ताला चुकू देईल का?

नामदेवांची गोष्ट परंपरेत सांगतात ती याचसाठी आहे. संत जमलेत, मुक्ताबाईंनी गोरोबांना म्हटलं की तुम्ही कुंभार, यातली मडकी कच्ची कुठली पक्की कुठली ते बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले, सगळे गप्प बसले, नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. आता नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके, त्यांच्या प्रेमावर कोणी बोट ठेवेल का? ते रडत विठ्ठलाकडे गेले तर विठ्ठलानेच त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. बघतात तर विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेत. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे उचलून ठेव. नामदेवांनी ठेवून बघितले, जिथे ठेवावे तिथे पिंड.

प्रेम पूर्ण खरं होतं, पण देव एकाच जागी आहे ही समज अर्धी होती. म्हणजे खरं प्रेमसुद्धा समजुतीत कच्चं राहू शकतं. आणि देवाने चुकू दिलं नाही हे बरोबरच आहे, फक्त त्याची पद्धत अशी की शिकायला दुसऱ्याच्या दारी पाठवलं. ज्यांना वाटतं आपल्या प्रेमापुढे गुरू, अभ्यास, टीका कशाचीच गरज नाही त्यांनी ही गोष्ट परत वाचावी.

८. अभ्यास सुरू केल्यापासून नामातला गोडवा गेला, सगळं कोरडं वाटतं. काय करू?

हे खूप जणांचं होतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं, देवा*शी* बोलणं कमी झालेलं असतं आणि देवा*बद्दल* बोलणं वाढलेलं असतं. दिवसभर वाचन, चर्चा, व्हिडिओ, आणि नामाला दहा मिनिटं ती पण घाईत. अभ्यास थांबवू नका पण त्याचा शेवट प्रार्थनेत करा, वाचलेलं न कळलेलं असेल तर तसंच त्याच्यासमोर ठेवा. प्रश्न २ मधल्या अ‍ॅन्सेल्मने तेच केलं.

दुसरं कारण असं असू शकतं की जुना गोडवा एका लहान चित्रावर उभा होता आणि ते चित्र आता मोठं होतंय. तेव्हा मधला काळ कोरडा जातोच. घाबरून मागे फिरू नका.

९. वाचता वाचता शंका आली आणि आता विश्वासच डळमळलाय. हे वाचायलाच नको होतं का?

वाचलं नसतं तरी शंका आत होतीच, फक्त झाकलेली. अल-गझाली (१०५८ ते ११११) हा इस्लामी परंपरेतला केवढा मोठा विद्वान, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की एक काळ असा आला की इंद्रियांवर भरवसा नाही, बुद्धीवर नाही, आणि ही अवस्था जवळपास दोन महिने टिकली. त्यातून तो बाहेर आला तो युक्तिवाद जिंकून नाही, देवाने छातीत प्रकाश टाकला असं तो म्हणतो. पण बाहेर आल्यावर त्याने तर्काचा अभ्यास सोडला नाही.

शंका आली तर ती नीट एका वाक्यात लिहून काढा, मोघम भीती आणि नेमका प्रश्न यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला विषय माहिती आहे आणि जो ओरडणार नाही अशा माणसाशी बोला. उपासना असेल तर चालू ठेवा, खात्री नसतानाही ठेवता येते.

१०. माझा शोध प्रेमातून आहे की मला हुशार दिसायचंय, हे कसं ओळखायचं?

चुकीचं दाखवून दिल्यावर आत काय होतं ते बघा. अ‍ॅन्सेल्मच्या युक्तिवादावर गॉनिलो नावाच्या दुसऱ्या साधूने खणखणीत टीका लिहिली. अ‍ॅन्सेल्मने उत्तर तर दिलंच, पण सांगून ठेवलं की इथून पुढे माझं पुस्तक उतरवताना ही टीका आणि माझं उत्तर दोन्ही सोबत उतरवा. स्वतःच्या पुस्तकाला स्वतःवरची टीका जोडून द्यायची! ज्याला सत्य हवंय त्यालाच हे सुचतं.

आणि उलट बाजूही अल-गझालीनेच दाखवलीय. बगदादच्या सगळ्यात मानाच्या मदरशात तो शिकवत होता, आणि एक दिवस त्याला स्वतःचं मन तपासताना दिसलं की हे शिकवणं देवासाठी नाही, नावासाठी आहे. महिनोन्महिने ओढाताण झाली, वर्गात उभं राहिल्यावर जिभेतून शब्द फुटेना, शेवटी १०९५ मध्ये पद सोडून तो बाहेर पडला. तुम्हाला नोकरी सोडायला सांगत नाहीये, पण 'हे कोणाला कळणार नसतं तरी मी वाचलं असतं का' हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.

११. देव बुद्धीच्या पलीकडे आहे असं सगळेच म्हणतात. मग बुद्धी चालवायची कशाला?

कारण पलीकडे आहे हेसुद्धा कळावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही. केनोपनिषद म्हणतं की कळलं असं ज्याला वाटतं त्याला कळलेलं नाही, पण हे ऐकून पहिल्याच दिवशी हात टेकणारा आणि आयुष्य घालवून तिथे पोचणारा सारखे कसे?

थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताचं लोक नेहमी सांगतात, डिसेंबर १२७३ मध्ये प्रार्थनेत काहीतरी अनुभव आला आणि त्याने लिहिणंच थांबवलं, म्हणाला की जे दिसलं त्यापुढे माझं सगळं लिखाण पेंढ्यासारखं आहे. पुढच्या मार्चमध्ये तो गेला, मोठा ग्रंथ अपुराच राहिला. यावरून अभ्यास व्यर्थ असं काढतात पण तो मुद्दा मला पटत नाही. वीस वर्षं रात्रंदिवस विचार केलेल्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य आहे, आपण ते न वाचण्याचं निमित्त म्हणून वापरू नये. चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू, निसाचा ग्रेगरी म्हणतो की देव अनंत आहे म्हणून त्याच्याकडे जाणं कधी संपतच नाही, जितकं मिळेल तितकी ओढ वाढते. मला हे निराशेचं वाटत नाही, उलट आहे.

१२. घरात मोठं दुःख झालं. आता मी देवाला 'का' विचारते तर लोक म्हणतात तुझी भक्ती खोटी होती.

ताई, त्यांचं ऐकू नका. बायबलमधला ईयोब सगळं गमावल्यावर देवाशी भांडतो, जाब मागतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेतात, तुझंच काही चुकलं असेल म्हणून समजावतात. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? मित्रांवर. म्हणतो की माझ्याबद्दल ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत. ज्याच्याशी नातंच नाही त्याला कोणी 'का' विचारत नाही. उत्तर लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, ईयोबलाही कारण सांगितलं गेलं नाही, पण देव त्याच्याशी बोलला. आत्ता काही समजून घ्यायचा जोर करू नका, रडायचं असेल तर रडा, विचारायचं असेल तर विचारा.

१३. ज्ञान पूर्ण झालं की देव आणि भक्त एकच म्हणतात. मग प्रेम कोण कोणावर करणार?

हा खरा अवघड प्रश्न आहे आणि एकच उत्तर नाही. रामानुजांच्या मताने भक्त देवात विरघळून संपत नाही, म्हणून तिथे प्रश्नच उरत नाही. अद्वैतात तो उरतो, पण गंमत अशी की अद्वैताच्या बाजूने अतिशय कठीण ग्रंथ लिहिणाऱ्या मधुसूदन सरस्वतींनी भक्तीच्या रसावर वेगळा ग्रंथ लिहिलाय. भागवतात म्हटलंय की ज्यांच्या सगळ्या गाठी सुटल्या ते आत्म्यात रमलेले मुनीसुद्धा हरीवर कारणाशिवाय भक्ती करतात. आणि ज्ञानदेव अमृतानुभवात ऐक्य झाल्यावरच्या भक्तीबद्दलच बोलतात, तिथे मुद्दाम काही करावं लागत नाही, चालणं-बोलणं सगळं भक्तीच होतं.

म्हणजे प्रेम ही फक्त ज्ञानापर्यंत जायची शिडी, वर गेल्यावर टाकून द्यायची, हे यातल्या कोणालाच मान्य नाही. मलाही नाही.

१४. देव आहे याचीच मला खात्री नाही, पण ओढ वाटते. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, दुःखी, जिज्ञासू, काही हवं असलेला आणि ज्ञानी. जाणून घ्यायची इच्छा असलेल्याला तिथे भक्तांतच धरलंय, बाहेर बसवलेलं नाही, आणि कृष्ण चौघांनाही चांगलेच म्हणतो. खात्री झाल्यावर सुरुवात करू असं ठरवलंत तर सुरुवात राहूनच जाईल. ओढ आहे ना, तिच्यामागे प्रामाणिकपणे जा, खोटं 'मी मानतो' म्हणू नका आणि खोटं 'मी मानत नाही' पण म्हणू नका. कुठून वाचायचं तर प्रश्न ६ मधली पद्धत तुम्हालाही चालेल.